बेबीचं कळतं वय

"मूठ उघड," सर म्हणाले.

बेबीनं उघडली नाही. मुठीत पावाचा तुकडा होता, बोराएवढा. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत खायच्या पावाचं, ताट रांगेतून फिरत होतं. सगळे घेत होते म्हणून तिनंही घेतला. बेबी माझी धाकटी बहीण. वय अडतीस. शेंडेफळ म्हणून घरात बेबी म्हणायला लागले, आणि पुढे नाव बदलायची वेळच आली नाही. समज पाच-सहा वर्षांच्या पोरीची.

सरांनी तिची बोटं एकेक करून उलगडली. आधी अंगठा, मग बाकीची. बँकेतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेला माणूस, आता आमच्या चर्चच्या मंडळीचा कारभार बघणारे सगळ्यात वरचे वडील. कामात चोख. चुरगळलेला तुकडा त्यांनी रुमालात घेतला आणि मला म्हणाले, "ब्रदर, हिचा बाप्तिस्मा झालेला नाही. हिला कळत नाही. तुम्हाला तरी कळायला हवं."

मी काय केलं? हसलो. "सॉरी सर" म्हणालो. आणि माझ्या वाटचा तुकडा तोंडात टाकला. घशात अडकला वगैरे काही नाही. अडकायला हवा होता. आरामात गेला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या तोंडातला काढून तिला द्यायचा होता."

मी म्हटलं, "तमाशा झाला असता."

"झाला की. तुम्ही पुढं बसून बघितला."

आमची मंडळी भिवंडीत एका लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भरते, आणि भरते शुक्रवारी. का, तर लूमची सुट्टी शुक्रवारी. रविवारी खाली असा खडखडाट चालतो की प्रार्थना देवाला ऐकू जाईल, शेजारच्याला नाही. मी जॉबर, म्हणजे बंद पडलेले लूम चालू करणारा. लूम कुठं अडकलाय ते मला आवाजावरून कळतं. माणसं कुठं अडकलीत ते कळायला पन्नाशी आली.

आता पाण्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याचं सांगतो. आमचं घराणं नगरकडचं. आजोबांपासून ख्रिस्ती, त्याआधी गावकुसाबाहेरचं. मी दीड महिन्याचा असताना गावच्या चर्चमध्ये पाळकांनी माझ्या टाळूवर तीन थेंब शिंपडले. मीही म्हणे त्यांच्या झग्यावर शिंपडलं. आई हे जन्मभर अभिमानानं सांगायची.

मग बापू पोटासाठी भिवंडीला आले आणि या मंडळीत गेले. इथली शिकवण वेगळी. तान्ह्या बाळाला काय कळतं? माणसानं कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करावा आणि पाण्यात पूर्ण बुडावं. बाळपणीचं शिंपडणं म्हणजे नुसतं डोकं ओलं करणं. बापूंना पटलं. बेबी जन्मली तेव्हा आई म्हणाली, "पोरीला पानी देऊन घिऊ." बापू म्हणाले, "कळत्या वयात घेईल ती."

अडतीस वर्षं आमचं घर त्या वयाची वाट बघतंय.

माझं कळतं वय मात्र सतराव्या वर्षी आलं. म्हणजे आलं असं ठरलं. मंडळीकडे टाकी नव्हती. राहनाळच्या एका गोडाऊनमधून केमिकलचं निळं पिंप आणलं होतं, घासून धुतलेलं, तरी वास मारणारं. त्यात उकिडवं बसायचं आणि वरून डोकं दाबायचं. मी तेव्हाही लांबट. डोकं आत गेलं, गुडघा बाहेर राहिला. यावर वडीलमंडळींत चर्चा झाली. गुडघा कोरडा राहिला तर माणसातला जुना, पापी मनुष्य पाण्यात मेला का? शेवटी मला पुन्हा बुडवलं. शिंपडून एक, बुडवून दोन. तीन वेळा पाणी घेतलेला मी एकटाच असेन, आणि अक्कल म्हणाल तर अजून कोरडी.

आई गेल्या वर्षी गेली. शेवटचं शुद्धीतलं बोलणं एवढंच: "बेबीचं पानी राह्यलंय रं."

म्हणून आधी मी कल्याणच्या जुन्या पद्धतीच्या, बाळांवर पाणी शिंपडणाऱ्या चर्चमध्ये जाऊन आलो. तिथले पाळक गोड बोलले. म्हणाले, "देऊ की. अशांना आम्ही बाळच समजतो. उपासना संपल्यावर, लोक गेले की घेऊन या. आणि तुम्ही तेवढं लिहून द्या, की दुसऱ्यांदा बुडून तुम्ही पहिल्या बाप्तिस्म्याचा अपमान केलात." म्हणजे एकीकडे माझं पहिलं पाणी खोटं, दुसरीकडे दुसरं. आणि माझी बहीण लोक गेल्यावर, झाडलोट व्हायच्या आधी. मी नमस्कार करून निघालो.

मग पावाचं प्रकरण झालं. त्यानंतर मी सरांकडे गेलो आणि म्हटलं, बेबीचा बाप्तिस्मा करा. ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. मंडळीसमोर विश्वासाची साक्ष देऊ दे."

त्या शुक्रवारी साक्ष द्यायला दोघी होत्या. पहिली सरांची नात, वय अकरा. इंग्रजीत पाठ करून आली होती. मधेच अडली. "आजोबा, पुढं काय?" सरांनी पहिल्या खुर्चीवरून पुढची ओळ सांगितली, तिनं म्हटली. टाळ्या. कळतं वय.

मग बेबी. नवा ड्रेस, पावडर, दोन वेण्या. सरांनी विचारलं, "बेबी, तू पापी आहेस का?"

"नाय," बेबी म्हणाली.

लोक हसले. मीही थोडा हसलो. सवय.

"येशू कोणासाठी मेला?"

बेबी माझ्याकडे वळली. "दादा, कोन मेला?" आणि रडायला लागली. हमसून हमसून, आईच्या वेळी रडली होती तशी. "कोन मेला रे दादा?"

त्या हॉलमध्ये ही बातमी दर शुक्रवारी सांगितली जाते. ऐकून कोणी रडलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

सर लोकांकडे वळून म्हणाले, "बघा. हिला मृत्यूचा अर्थच माहीत नाही."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "सर, मला लहानपणी पाणी दिलं तेव्हा मला तरी कुठं माहीत होता?"

सर हसले. शिकलेलं, मऊ हसू. म्हणाले, "ब्रदर, तो बाप्तिस्मा नव्हताच. तुमच्या लोकांनी तेव्हा मिशनच्या दुधाच्या पावडरीसाठी डोकी ओली केली. आम्ही वाचून, विचार करून आलो. फरक आहे."

तुमच्या लोकांनी. आम्ही. तीस वर्षं एका ताटातला पाव खाल्ला, आणि या माणसाच्या पोटात जातीची ती रेघ तशीच. पिंपात तेही बुडले असतील. रेघ तेवढी पाण्याबाहेर राहिली, माझ्या गुडघ्यासारखी. त्यांना मात्र कोणी पुन्हा बुडवलं नाही.

मी उभा राहिलो. शेजारचा माझा शर्ट ओढून कुजबुजला, "अरे बैठ ना यार."

"सर, मलाही साक्ष द्यायचीय," मी म्हटलं. "मी पिंपात बसलो तेव्हा माझ्या मनात येशू नव्हता. चड्डीची नाडी होती. चड्डी मामेभावाची, ढगळ. पाण्यात सुटली तर काय, एवढंच मनात. तुम्ही विचारलंत, विश्वास ठेवतोस का? मी हो म्हणालो, कारण थंडी वाजत होती."

लोक हसले. या वेळी मी हसलो नाही.

"मला कळलं नव्हतं. आजही पुरतं कळत नाही. तेव्हा मंडळीच्या वहीतनं माझं नाव काढा. बेबीच्या खाली लिहा."

"बेबीचं नाव वहीत नाही," सर म्हणाले.

"मग माझंही नको."

"ब्रदर, भावनेच्या भरात बोलू नका. शांतपणे समजून घ्या."

"तेवढंच आम्हाला जमत नाही, सर. आम्ही पावडरवाले."

बायको उठली. मला वाटलं बाहेर निघाली. ती पुढे गेली, बेबीचं नाक पदरानं पुसलं आणि तिला आणून आमच्या दोघांच्या मधे बसवलं.

लोकांना वाटलं आम्ही मंडळी सोडू. सरांनाही वाटलं असणार. बरं वाटलं असणार. आम्ही सोडली नाही. दर शुक्रवारी जातो. दुसऱ्या रांगेत, बरोबर मधे बसतो. ताट आलं की बेबी हात पुढे करते. पूर्वी मी तिचा हात खाली ओढायचो. आता ओढत नाही. मी माझा मांडीवर ठेवतो, पाव घेत नाही. बायकोही ठेवते. सर ताट उचलतात आणि तीन डोक्यांवरून पलीकडे देतात. सत्तरी ओलांडलीय त्यांनी, ताट उचलायला दोन्ही हात लागतात. लागू देत. मी मान वर करून त्या हातांकडे बघत असतो.

या मंडळीत, भरल्या हॉलमध्ये, कळतं का असं न विचारता माझ्या बहिणीला पाणी दिलं जात नाही, तोवर मी त्या पावाला शिवणार नाही. आणि खुर्चीही सोडणार नाही.