एका पदकाचे दोघे मानकरी

चित्रपट महोत्सवाच्या प्रवेशद्वारातल्या भिंतीवर अभिनय पुरस्काराचा इतिहास फोटोंमधून मांडलाय. पहिल्याच फोटोसमोर एक वृद्ध अभिनेत्री उभ्या होत्या. फोटोत त्यांचा नायक पदक धरून हसतोय. त्या वर्षी पुरस्कार दोघांना विभागून होता आणि पदक मात्र एकच, हे त्यांनीच मला सांगितलं. भिंतीवर त्यांचं नावसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. इतिहास लावणाऱ्यांना नेमकी बाईच कशी विसरायला होते?

"हा फोटो आत्ता उतरवायला लावते," मी म्हणाले.

"त्याचा नको गं उतरवूस. एका दिवाळीला तो पदक रुमालात बांधून माझ्याकडे आणायचा, पुढच्या दिवाळीला मी त्याच्याकडे न्यायचे. तो जाईपर्यंत कधी चुकला नाही."

पुरस्कार देणाऱ्यांना जे वाटता आलं नाही, ते या दोघांनी एका रुमालात वाटून घेतलं होतं. माझा राग गेला नाही, पण आवाज खाली आला.

तेवढ्यात एकानं मोबाइल वर धरला. "आजी, जरा बाजूला होता का? भिंतीचा फोटो घ्यायचाय."

त्या मात्र नायकाच्या फोटोला लागून असलेल्या रिकाम्या जागेत सरकल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हं, आता घे."