खात्रीबाईंची दुरुस्ती

"कै. खात्रीबाई स्वभावाने तापट होत्या. नव्या माध्यमांचा वेग त्यांना झेपला नाही, आणि एका किरकोळ मतभेदावरून त्या स्वतःहून आपला गट सोडून निघून गेल्या. तरीही त्यांचे ऋण आपण कधी विसरणार नाही."

हा मजकूर आमच्या डोंबिवली पूर्वेतल्या ‘आपला परिसर’ या फेसबुक पानावर बाईंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी झळकला. वर बाईंचे छायाचित्र, त्याला संगणकाने घातलेला झेंडूचा हार, पार्श्वभूमीला बासरी. खाली जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. मजकूर लिहिणारे गृहस्थ म्हणजे प्रसन्न. हे पान तेच चालवतात, आणि त्याच नावाचा आमचा व्हॉट्सॲप गटही तेच चालवतात. मी कल्याणच्या न्यायालयात कार्यालयीन अधीक्षक म्हणून उभी हयात काढली आहे. गोड शब्दांत लिहिलेले असत्य मला कडू शब्दांतल्या असत्यापेक्षा लवकर ओळखू येते. या मजकुरात तीन विधाने आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. ज्यांनी हात जोडले त्यांनी ते क्षणभर सोडावेत आणि पुढचे वाचावे.

तापटपणापासून सुरुवात करतो. बाईंचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो तापट वाटणे शक्यच नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेला तो आवाज होता. गोड, सपाट, आणि समोरच्याने फोन ठेवेपर्यंत न हलणारा. कोणी म्हणाले की अमुक ठिकाणी भिंत पडली, तर बाई पहिला प्रश्न विचारीत, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" नाही म्हटले की दुसरा प्रश्न येई, "मग कोणी पाहिलं? नंबर द्या त्यांचा." आणि शेवटी ठरलेले वाक्य, "खात्री करते आणि सांगते." त्या वाक्यावरून त्यांना खात्रीबाई हे नाव पडले, आणि घराच्या दारावरचे मूळ नाव फक्त पोस्टमनपुरते उरले. लोकांना या प्रश्नांचा राग येई, हे मला मान्य आहे. पण राग लोकांना येत होता. बाईंना नव्हे.

एका पावसाळ्यात शहाडचा पूल वाहून गेल्याची चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर फिरू लागली. पाणी, कोसळणारा कठडा, किंकाळ्या, सगळे काही होते. मी तेव्हा बाईंच्याच दिवाणखान्यात बसलो होतो. त्यांनी शहाडला राहणाऱ्या आपल्या जुन्या सहकारी मंदाताईंना फोन लावला आणि तो सर्वांना ऐकू येईल असा मोठ्याने ठेवला.

"मंदे, खिडकीतून बघ गं जरा. पूल जागेवर आहे का?"

"अगं, तुला काय झालंय सकाळी सकाळी? पूल कुठे जाणार?"

"बघ म्हटलं की बघावं."

"आहे बाई, आहे! आत्ता त्याच्यावरून रिक्षा गेली. आणि माझं दूध गेलं उतू तुझ्या पुलापायी!"

पुढच्या काही मिनिटांत बाईंच्या ब्लॉगवर मजकूर आला: ‘शहाडचा पूल जागेवर आहे. प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती: मंदा, तिसरा मजला. चित्रफीत दुसऱ्या कुठल्या तरी पुलाची आहे. नुकसान: दूध.’ तापट माणूस असे लिहीत नाही.

आता वेगाविषयी. प्रसन्न यांच्या पिढीची अशी समजूत आहे की इंटरनेट त्यांच्याबरोबर जन्मले. बाईंनी ‘कामाची माहिती’ हा ब्लॉग सुरू केला तेव्हा हे गृहस्थ आमच्याच इमारतीच्या आवारात क्रिकेट खेळून काचा फोडत होते. मराठी अक्षरे पडद्यावर चौकोनांसारखी उमटत त्या काळात बाई देवनागरी टंकलेखन शिकल्या. निवृत्तीनंतर हे करायची काय गरज, असे मी विचारले होते. त्या म्हणाल्या, "अहो कोर्ट, आयुष्यभर लोकांना जोडून दिलं. आता नुसतं बसून कसं राहू?" मला त्या कोर्ट म्हणत. वकील नसल्याचे मी सांगून पाहिले, पण उपयोग झाला नाही.

दर सोमवारी त्या ब्लॉगवर समाजमाध्यमांतल्या घडामोडी लिहीत. कोणत्या ॲपने कोणती सोय गुपचूप बदलली, आपले छायाचित्र परक्याला दिसू नये म्हणून नेमके कुठे दाबायचे, नोकरी देणारे पान खरे की बनावट हे कसे ताडायचे, मालमत्ता कराचे संकेतस्थळ बंद असेल तर कुठल्या खिडकीवर जायचे. एकाही वाक्यात बडेजाव नसे. ओटीपीविषयी त्यांनी लिहिले होते: ‘ही घराची किल्ली आहे. आपण ती शेजारणीला देताना दोनदा विचार करतो, आणि फोनवरच्या अनोळखी साहेबाला मात्र लगेच वाचून दाखवतो.’ आमच्या भागातल्या किती म्हाताऱ्यांची निवृत्तिवेतने या एका परिच्छेदाने वाचली असतील, ते त्या म्हाताऱ्यांनाच विचारा. ब्लॉगवर दवाखान्यांचे, रुग्णवाहिकांचे, पाणी खात्याचे क्रमांक होते, आणि प्रत्येक क्रमांक बाई अधूनमधून स्वतः लावून पाहत. "मेलेला नंबर छापणं म्हणजे तहानलेल्याला कोरडी विहीर दाखवणं," असे त्या म्हणत. मग वेग न झेपणारे कोण? न वाचता पुढे ढकलणे हा जर वेग असेल, तर तो बाईंना झेपला नाही असे नव्हे. त्यांनी तो नाकारला. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही त्याने श्रद्धांजली लिहू नये.

बाईंचा एक नियम होता आणि सगळे पुढचे प्रकरण त्या नियमावर उभे आहे. चुकीची बातमी जितक्या वेळा दिली, तितक्या वेळा दुरुस्ती द्यायची, आणि तीही त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. चूक पुसून टाकणे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. एकदा पाणी कोणत्या वारी बंद राहणार हे त्यांनी चुकीचे लिहिले. आमच्या गल्लीतल्या पिंपांचे तळ उघडे पडले. बाईंनी ‘मी चुकले’ अशा मथळ्याची दुरुस्ती टाकली, पुन्हा टाकली, पुन्हा टाकली. शेवटी तळमजल्यावरच्या जोशीकाकू वैतागल्या.

"अहो, आता पुरे की! पाणी आलं ना?"

"पाणी आलं," बाई म्हणाल्या, "माझी चूक कुठे गेली?"

आता तो ‘किरकोळ मतभेद’. शब्द नीट पाहून ठेवा. किरकोळ.

एका सकाळी ‘आपला परिसर’वर एका माणसाचे छायाचित्र आले. पाठीवर मोठे गाठोडे, डोक्याला रुमाल, नजर कॅमेऱ्याकडे नसलेली. खाली मजकूर: ‘सावधान! मुले पळवणारी टोळी आपल्या भागात. गाठोड्यात काय असते ओळखा. दिसल्यास सोडू नका.’ तोच मजकूर दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. पानाला त्या दिवशी जितके प्रेक्षक मिळाले तितके एरवी महिन्यात मिळत नसत. ‘दिसल्यास सोडू नका’ या तीन शब्दांचा अर्थ काय होतो, हे आपल्या राज्यात कोणालाही समजावून सांगावे लागू नये.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते छायाचित्र बोटांनी मोठे केले. माणसाच्या मागे एका किराणा दुकानाची पाटी होती आणि पाटीवर फोन क्रमांक. त्यांनी तो लावला. दुकान दिवा स्टेशनजवळचे निघाले.

"अहो ताई," दुकानदार म्हणाला, "हा तर आमचा नागनाथ! सोलापुरी चादरी विकतो. माझ्या दुकानाच्या वरच राहतो. कालपासून खाली उतरला नाही बिचारा. कालच नाक्यावर पोरांनी घेरलेला त्याला. मी मध्ये पडलो म्हणून वाचला."

बाईंनी लगेच प्रसन्न यांना फोन केला. मी समोर होतो. ऐकीव सांगत नाही.

"काकू, डिलीट केलंय मी. झालं ना? विषय संपला."

"तू पुसलंस रे, पण लोकांच्या डोक्यातलं कोण पुसणार? तीनदा टाकलंस. आता तीनदा लिही, की हे खोटं होतं."

"पानाची क्रेडिबिलिटी जाईल, काकू."

"ती गेलेलीच आहे. त्या माणसाचा जीव जायचा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी बाई दिव्याला गेल्या. एकट्या जाऊ नका म्हणून मीही गेलो. टँकरच्या रांगेतले हंडे ओलांडत आम्ही त्या अरुंद जिन्याने वर गेलो. दार अर्धेच उघडले. नागनाथची बायको म्हणाली, "ते गावाकडं गेल्यात." आतून खोकल्याचा आवाज आला. बाईंनी दाराबाहेरच पायरीवर बसकण मारली आणि म्हणाल्या, "असू दे. गावाहून येईपर्यंत बसते मी."

काही वेळाने नागनाथ बाहेर आला. घाबरलेला, दाढी वाढलेला. "बाई, मी काय केलं ओ? दोन पोरी हायत माझ्या. मी कशाला कुणाची लेकरं उचलू?"

"तेच लोकांना सांगायचंय. माझ्याबरोबर एक फोटो काढ."

"फोटू नको ओ बाई! फोटूनंच मारलं मला."

"एका फोटोनं बुडवलं, तर दुसऱ्यानंच वर काढायला पाहिजे. तू एकटा नसशील. मी शेजारी बसते."

ते छायाचित्र मी काढले आहे. पायरीवर बाई, शेजारी नागनाथ, आणि दोघांपुढे सोडलेले गाठोडे. बाईंनी प्रत्येक चादर उलगडून पाहिली, दोन विकत घेतल्या आणि एकीच्या रंगावरून घासाघीसही केली. भीतीने जड झालेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरते हसू आले. छायाचित्राखाली त्यांनी लिहिले: ‘हे नागनाथ. यांच्या गाठोड्यात चादरी असतात. मी स्वतः पाहिल्या. आपल्या पानाने यांच्याविषयी तीनदा खोटे सांगितले, म्हणून मी तीनदा खरे सांगणार आहे. शंका असल्यास मला फोन करावा.’ खाली स्वतःचे संपूर्ण नाव आणि स्वतःचा क्रमांक.

हा मजकूर त्यांनी गटात सकाळी टाकला. प्रसन्न यांचे उत्तर आले, "काकू, प्लीज स्पॅम करू नका." दुपारी बाईंनी तो पुन्हा टाकला. कोणी विनोदी चित्रे पाठवली. कोणी विचारले, "चादरवाल्याकडून कमिशन किती?" मी त्यांना तिथेच जे उत्तर दिले ते येथे छापण्याजोगे नाही, पण त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तिसऱ्या वेळचा मजकूर संध्याकाळी यायचा होता. तो गटात कधीच आला नाही. बाई तेथे पुन्हा दिसल्या नाहीत, आणि यातूनच ‘निघून गेल्या’ ही कथा जन्माला आली.

तिसरी दुरुस्ती मात्र झाली, आणि ती कशी झाली हे आमच्या गल्लीने पाहिले आहे. बाईंनी नागनाथला बोलावून घेतले. त्याने गाठोडे पाठीवर घेतले आणि बाई त्याच्या पुढे चालू लागल्या. प्रत्येक इमारतीखाली थांबून, एक्स्चेंजमधल्या त्या स्वच्छ, न चढणाऱ्या आवाजात त्या पुकारत, "सोलापुरी चादरी! हे नागनाथ. तुमच्या फोनवर आले होते ते हेच. खाली येऊन बघून घ्या!" खिडक्या उघडल्या. आधी कोणी उतरेना. मग जोशीकाकू उतरल्या, आणि त्यांच्यामागे बाकीच्या. नागनाथ चादरी उलगडत राहिला आणि भाव सांगायचे कामही बाईंनीच केले. आज तो आमच्याकडे फेरीला येतो आणि कोणी त्याला अडवत नाही. मुले पळवणाऱ्या टोळीची बातमी खोटी होती, हे ‘आपला परिसर’ने आजतागायत एकदाही लिहिलेले नाही.

गटाचा प्रकार मी तेव्हाच चव्हाट्यावर आणणार होतो. बाईंनी मला अडवले. "अहो कोर्ट, माझ्यासाठी भांडू नका. त्या माणसाचं काम झालं, आपलं काम झालं." मी त्यांचा शब्द पाळला. पुढे दुखणे आले. रुग्णालयात त्यांना भेटायला गेलो, तर खाटेवर उशीला टेकून त्या परिचारिकेला तिच्या फोनवरचे कुलूप कसे लावायचे ते शिकवत होत्या. "पासवर्डमध्ये पोराचं नाव नको गं, तेच सगळे पहिलं लावून बघतात." मला पाहून म्हणाल्या, "बसा. हिचं झालं की तुमच्याकडे वळते." तसे वळणे काही झाले नाही, त्यांना बोलता बोलता झोप लागली आणि मी उठून आलो. नंतर त्या गेल्या.

त्यांचा मनाई हुकूम त्यांच्याबरोबर संपला, असे मी समजतो. शिवाय त्यांनी स्वतःसाठी भांडायला बंदी केली होती. खोट्या बातमीची दुरुस्ती करायला बंदी केलेली मला आठवत नाही. ती त्यांना करताच आली नसती. प्रसन्न यांनी वर्षश्राद्धाला एकदा असत्य लिहिले आहे, तेव्हा मी हे एकदा लिहितो. ते पुन्हा लिहितील तर मीही पुन्हा लिहीन. वय झाले असले तरी वेळ भरपूर आहे.

वाद मिटवायला साक्षीदार लागत नाहीत. मी त्या गटात अजूनही आहे आणि त्या दिवसाचे संभाषण मी जपून ठेवले आहे. ज्याला हवे त्याने माझ्या घरी येऊन ते पाहावे. बाईंच्या दुपारच्या मजकुराखाली, कमिशनच्या त्या विनोदानंतर आणि माझ्या उत्तरानंतर, मधोमध, लहान करड्या अक्षरांत एक ओळ आहे: ‘प्रसन्न यांनी खात्रीबाई यांना काढून टाकले.’