ढब्बू पैशाचा गोल

धुडकू हवालदार गेल्याची बातमी मला जिनिंगच्या कचेरीत कळली. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, शेजारच्या माणसाकरवी निरोप धाडला होता. मी हातातले वजनाचे कागद पुरे केले, दौतीला झाकण लावले, कपाटाची किल्ली मालकांकडे दिली आणि मग निघालो. हवालदार अक्काचे यजमान. नंदुरबारात आमच्या घरांमध्ये दोन गल्ल्यांचे अंतर, पण चार वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यांना दाजी म्हणायचेही मी तेव्हाच सोडले होते. दहाव्याला जमलेले लोक त्यांच्या शिस्तीचे आणि अचूक नेमाचे गोडवे गात होते. ते सगळे खरे आहे. ते फार खवचट होते, हेही खरे आहे, आणि ते कोणी बोलले नाही म्हणून मी लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाची पहिली वर्षे होती. गावातल्या बंदुकीच्या परवानेवाल्या मंडळींनी रायफल क्लब काढला. धानोऱ्याच्या रस्त्याला एका टेकाडाच्या पोटाशी मैदान मिळाले, बावीस बोअरच्या चार रायफली मिळाल्या. हवालदार पोलिसातून निवृत्त होऊन आलेले, ते शिक्षक झाले. मी चिटणीस. काडतुसे किती आली, किती उडाली, कोणी किती मारली, हे सगळे माझ्या वहीत असे, आणि त्या वहीत खाडाखोड सापडणार नाही. निशाणाचे कागद मुंबईच्या एका दुकानातून मीच मागवले. पांढरे, गुळगुळीत, मधोमध काळा गोल, भोवती आकडे घातलेली वर्तुळे. आमच्या लाकडी चौकटीपेक्षा कागद बोटभर लांब होता, म्हणून खालची पट्टी मी घरी बसून पट्टीकात्रीने कापत असे. शंभर कागद, शंभर सारख्या पट्ट्या. मग गव्हाच्या पिठाची खळ करून ते चौकटीला चिकटवायचे.

पहिल्याच रविवारी हवालदारांनी एक कागद उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि सगळ्यांसमोर मला विचारले, "हाई काय लगीननी पत्रिका शे का, भो? गोयी मारनी का आवतन देनं?" मंडळी हसली. पुढच्या रविवारी खळीच्या वासाने शेजारच्या शेतातल्या शेळ्या आल्या आणि आम्ही पाणी पिऊन येईतो दोन निशाणे खाऊन गेल्या. त्यावर ते म्हणाले, "बकरीसना नेम तुन्हापेक्षा चांगला शे. बरोबर मधमा खाधं." हे वाक्य त्यांनी महिनाभर पुरवून वापरले.

त्यांचे स्वतःचे निशाण म्हणजे कापडाच्या गाठींभोवती येणारा जाड बदामी कागद. व्यापाऱ्यांकडून ते तो फुकट आणत. त्यावर एक जुना ढब्बू पैसा ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, आत दिव्याची काजळी चोळायची, आणि बाभळीच्या काट्यांनी कागद चौकटीला टोचायचा. त्यांचे म्हणणे, पांढरा कागद आपल्याकडच्या उन्हात झळाळतो, डोळा थकतो. गुळगुळीत कागद गोळीने फाटतो, भोक कुठे संपले ते कळत नाही. बदामी कागदाला गोल भोक पडते. आणि काळा गोल एवढाच हवा की नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, त्याच्याखाली नेमकी बसावी. मोठा गोल असला की माशी त्याच्यात कुठेही भटकते आणि मारणाऱ्याला वाटते, आपण बरोबर आहोत. यातले एक अक्षर चूक नव्हते. पण त्या इवल्या गोलावर कोणाच्या दहांतल्या पाच गोळ्याही लागत नसत. मंडळी कंटाळली असती, क्लब बसला असता. मी सभेत ठराव मांडला आणि छापील कागद कायम झाले. हवालदार एवढेच म्हणाले, "तू कागद मोजी ऱ्हायना. देखी नई ऱ्हायना." हेही त्यांनी त्या हिवाळ्यात किती वेळा म्हटले असेल...

हिवाळा संपता संपता धुळ्याला जिल्ह्याचा सामना ठरला. प्रत्येक क्लबाचे पाच जण जायचे होते. माझ्या वहीप्रमाणे पहिले नाव माझे होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आयुष्यभर दुसऱ्यांची मापे लिहिलेल्या माणसाला स्वतःचे नाव एकदा तरी यादीत सगळ्यांत वर यावे असे वाटते. दहांत नऊ, दहांत दहा, असे आकडे होते. मी नवा कोट शिवायला टाकला होता.

पाच नावे पक्की करायला धुळ्याचे साहेब तपासणीला आले. माझी वही पाहून त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात हवालदारांनी कोटाच्या आतून एक घडी केलेला कागद काढला. माझ्याच गठ्ठ्यातला, मी पट्टी कापण्याआधी कधीतरी उचललेला. "साहेब, खाल काय लिखेल शे, जरा वाचा. माले इंग्रजी येत नई." साहेबांनी वाचले. निशाण पन्नास वारांवरचे होते. आमचे मैदान पंचवीस वारांचे. म्हणजे हिवाळाभर आम्ही प्रत्येक गोल दुपटीने मोठा पाहून मारला होता, आणि ज्या पट्टीवर अंतर छापले होते ती मी माझ्या हाताने, सरळ रेषेत, कापून टाकत होतो.

साहेबांनी वहीतले सगळे आकडे रद्द केले आणि हवालदारांच्या निशाणावर लगेच नव्याने मारायला सांगितले. मी रायफल उचलली. हवालदारांनी बगलेतला कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे केला. "कागद उलटाडी देख, मंग मार." मी गठ्ठा ढकलून दिला. रायफल बाकावर ठेवली आणि चालत गावात आलो. पाच जण धुळ्याला गेले. साहेबांसमोर त्यांनी मारलेले आकडे दुसऱ्या दिवशी वहीत मीच उतरवले. चिटणीसपण सोडायची माझी तयारी नव्हती. तेव्हापासून काडतुसांची यादी मी क्लबच्या दारातल्या खिळ्याला अडकवत असे, आणि हवालदार तिच्यावर पेन्सिलीची फुली मारून परत अडकवत. आमचा चार वर्षांचा व्यवहार एवढाच. अंतराची चूक त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. एक सरळ वाक्य पुरले असते. ते त्यांनी साहेबांसाठी राखून ठेवले.

दहाव्यानंतर काही दिवसांनी अक्काने बोलावले. त्यांच्या पेटीतून तिने मी ढकलून दिलेला तोच गठ्ठा काढला, सुतळीने बांधलेला, आणि सुतळीत ढब्बू पैसा अडकवलेला. "तू मांगाले उना ते देजो, असं सांगेल व्हतं त्यासनी," ती म्हणाली. "तू काही उना नई. आते लई जाय. माले घरमा हाई वैर नको."

घरी येऊन मी गठ्ठा सोडला. सगळे कागद माझेच होते, त्या हिवाळ्यात मी मारलेले. आकडा लिहून झाला की कागद मी टाकून देत असे, ते त्यांनी उचलून ठेवले होते. उलट बाजू कोरी, पांढरी. तिच्यावर मध्यावर पैसा ठेवून पेन्सिलीने गोल काढलेला, आणि त्या गोलात पडलेल्या भोकांइतक्या लहान रेघा कडेला ओढलेल्या. त्यांच्या मापाने. मी वही घेऊन बसलो आणि एकेक कागद तपासला. सुरुवातीला तीन, चार. मग सहा. शेवटच्या आठही कागदांवर सात. धुळ्याला गेलेल्या पाचांपैकी चौघांना साहेबांसमोर सातही आले नव्हते... मी दोनदा मोजले.

माझा राग गेलेला नाही. एवढे ठाऊक असून माणसाने मला चारचौघांत उघडे पाडले, आणि नंतर तोच माणूस चार वर्षे पेटीला कुलूप लावून बसला. मागितल्याशिवाय द्यायचे नाही, हा त्यांचा हट्ट. मागायचे नाही, हा माझा.

गेल्या रविवारी क्लबच्या सामानाची यादी नव्याने केली. रायफली, चौकटी, बाभळीच्या काट्यांचा डबा, बदामी कागदाची गुंडाळी. शेवटी लिहिले, ढब्बू पैसा, नग एक. पुढच्या रकान्यात वस्तू कोणाची ते लिहावे लागते. क्लबच्या कागदांवर मी त्यांना आजवर 'शिक्षक' एवढेच लिहीत आलो. या वेळी 'दाजींचा' असे लिहिले आणि शाई वाळायच्या आत वही मिटली. समोरच्या कोऱ्या पानावर त्या शब्दाचा उलटा ठसा उमटला आहे. माझ्या वहीतला तेवढा एकच डाग. पान मी फाडलेले नाही.