चार रविवार, एक झोप

आमच्या कामाला 'लोकांना झोपवायचा उद्योग' असं नाव ज्याने कोणी पाडलं, त्याने झोपलेल्या माणसाचा मेंदू आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. एवढं मी खात्रीने सांगते! तो नाव पाडून मोकळा झाला, आणि सांगवीतल्या प्रत्येक लग्नात मला अजून विचारतात, "काय, आज किती जणांना झोपवलंस?"

म्हणून हे किस्से. माझ्या वहीत पुढून रीडिंग लिहिलेली असतात आणि मागून असे प्रसंग. दोन वर्षांत मागची पानं पुढच्या पानांना येऊन भिडली.

काम थोडक्यात सांगते. गाढ झोपेत आपल्या मेंदूत विजेच्या मोठ्या, संथ लाटा उठतात, सेकंदाला साधारण एक. वायरींची टोपी घातली की त्या पकडता येतात. मेंदूत रक्त कुठे वाढलं, कुठे ओसरलं, ते एमआरआय दाखवतो. आम्हाला दोन्ही एकाच वेळी हवं होतं. लाट उठते तेव्हा रक्ताचं काय होतं? त्यासाठी माणसाने टोपी घालून एमआरआयच्या बोगद्यात गाढ झोपायचं. आणि ते मशीन चालू असताना पत्र्यावर घण घालावेत असा आवाज करतं!

*

पहिली फजिती माझीच. आमच्याच लॅबमधल्या एका मित्राला आत झोपवलं आणि स्क्रीनवर काय लाटा आल्या! गोल, संथ, सेकंदाला एक. तीन आठवडे मी त्यांचे आलेख काढले, रंग दिले, एका मैत्रिणीला तर फोनवर सांगूनही टाकलं. मग आमच्या गाइड, देवधर मॅडम, चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनपाशी आल्या आणि मिनिटभर बघत राहिल्या.

"हे त्याचं हृदय आहे," त्या म्हणाल्या. "ठोका पडला की टोपीची वायर हलते. मेंदू अजून जागाच आहे."

*

मशीन एका हॉस्पिटलचं. रविवारी सकाळी ते आम्हाला फुकट वापरू द्यायचे. माझ्या हृदयप्रकरणानंतर त्यांनी सांगितलं की पेशंट वाढलेत, आता तुम्हाला चारच रविवार. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण चार रविवारांत एका माणसाची वीस मिनिटांची गाढ, स्वच्छ झोप मिळाली नाही, तर माझी दोन वर्षं पाण्यात.

पहिल्या रविवारी वाकडचा एक सॉफ्टवेअर इंजिनीअर आला. मानेची उशी, डोळ्यांची पट्टी आणि झोपेचे मार्क देणारं घड्याळ असा सरंजाम. घड्याळ अर्थातच बाहेर काढून ठेवायला लावलं. मग तो अस्वस्थ झाला. दर पाच मिनिटांनी आतून विचारायचा, "मी झोपलो का?"

मशीन चालवणारे सावंतकाका संत तुकाराम नगरचे. रविवारची ड्युटी लागली म्हणून आधीच तापलेले. चौथ्यांदा प्रश्न आला तेव्हा त्यांनी माइकचं बटण दाबलं. "झोपलात की उठवून सांगतो, साहेब."

*

त्याच दिवशी सावंतकाका मला म्हणाले, "छोट्या मॅडम, झोप ज्याला परवडते त्याला बोलवू नका. ज्याला मिळत नाही त्याला बोलवा."

दुसऱ्या रविवारी त्यांनीच किसनदादांना आणलं. चाकणजवळच्या गावचे, घरची थोडी शेती, स्वतः कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकून घडवणाऱ्या मशीनच्या लाइनवर. रात्रीची थर्ड शिफ्ट संपवून सकाळी घरी जाऊन, अंघोळ करून, बायकोला घेऊन हजर! मी फॉर्म भरायला घेतला. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का? "न्हाई ताई, मी प्रेसवर हाय. ग्राइंडिंगला न्हाई." सगळं जमलं. मग मी टोपी घालायला गेले आणि हात सर्रकन घसरला.

डोक्याची तपासणी आहे म्हटल्यावर वहिनींनी वाटीभर खोबरेल तेल कोमट करून नवऱ्याच्या डोक्यात जिरवलं होतं. डोक्याचं काम आणि कोरडं डोकं, हे त्यांना पटलंच नव्हतं. आमची टोपी तेलकट केसांवर सिग्नल पकडत नाही. तीनदा शांपू केला. सिग्नल आला तेव्हा आमची वेळ संपली होती.

फॉर्ममध्ये 'धातू', 'पेसमेकर', 'गर्भारपण' सगळं होतं. तेलाबद्दल मी एक ओळ लिहिली नव्हती. आपल्याच भागातल्या लोकांसाठी फॉर्म लिहिताना!

*

तिसऱ्या रविवारी डोकं कोरडं ठक्क. मशीनने घण घालायला सुरुवात केली आणि किसनदादा चार मिनिटांत झोपले. मी घड्याळ लावून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, या आवाजात इतक्या लवकर झोपलेला माणूस त्यांनी पाहिला नाही.

लाटा यायला लागल्या. या वेळी खऱ्या. सहा मिनिटं मी खुर्चीच्या कडेवर बसून होते. तेवढ्यात एक स्कॅन संपला. पुढचा सुरू व्हायच्या आधी मशीन मिनिटभर गप्प होतं, नेहमीसारखं. त्या शांततेत किसनदादांनी दचकून डोकं वर केलं. ते चेहऱ्यावर बसवलेल्या मशीनच्या जाळीवर आपटलं, वायरी सुटल्या आणि स्पीकरवर त्यांचा घाबरा आवाज आला.

"कुठली लाइन बंद पडली?"

*

तो रविवार गेला. मी रडायच्या बेताला आले होते. किसनदादा मात्र कपाळ चोळत चहा पीत माझी समजूत काढत होते. शेवटी विचारलं त्यांनी, की एवढं बघताय तरी काय?

मी ती सहा मिनिटं स्क्रीनवर लावली. लाट आधी उठते आणि रक्तातला बदल चार-पाच सेकंदांनी मागून येतो, हे बोट ठेवून दाखवलं.

"आमच्यात बी असंच," ते म्हणाले. "लाइनवरचा माल संपत आला की दिवा लागतो. मग स्टोअरवाला ट्रॉली घेऊन येतो. दिवा आधी, माल मागनं."

मी उत्साहात पुढचं सांगितलं. गाढ झोपेत रक्त थोडं ओसरतं, त्या जागेत पाण्यासारखा द्रव शिरतो, तो दिवसभराची घाण धुऊन नेतो असं काही जण मानतात, पण त्यावर अजून वाद आहेत.

"त्यात वाद कसला, ताई? लाइन थांबल्याबिगर फरशी कुठं धुता येती?"

मॅडमनी ते वाक्य लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवलं. अजून कोणी पुसलेलं नाही.

*

शेवटचा रविवार. मॅडमनी ठरवलं की मधे थांबायचं नाही. एकच सलग, लांब स्कॅन. सावंतकाका मशीन तापेल म्हणून कुरकुरले आणि स्वतःच सगळं सेटिंग बदलून आले.

पाचव्या मिनिटाला किसनदादा झोपले. दहाव्याला लाटा आल्या. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. एक लाट येते म्हणजे डोक्यातल्या असंख्य पेशी एकदम गप्प होतात आणि एकदम बोलू लागतात. कोणीही हुकूम न देता! आतमध्ये घण पडत होते आणि त्याच्या खाली ही भरती-ओहोटी शांत चालली होती. कारखान्याच्या गेटवर ज्या माणसाला फक्त कार्डाच्या नंबरावरून ओळखतात, त्याच्या डोक्यात. मी पुस्तकातलं सगळं विसरले. सावंतकाकाही उठून काचेपाशी उभे राहिले होते, हातातला चहा तसाच.

तिसाव्या मिनिटाला मॅडम हळूच म्हणाल्या, "मिळालं." चाळिसाव्याला पुन्हा म्हणाल्या. आमच्या वेळेची आठ मिनिटं उरली होती. मी वहिनींना आत बोलावून स्क्रीन दाखवली, ही तुमच्या मालकांची झोप म्हणून. त्या पदर तोंडाशी धरून बराच वेळ बघत राहिल्या.

सावंतकाकांनी मशीन थांबवायला बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या की वाईच चालू," वहिनी म्हणाल्या. "घरी लई शांत आसतं. तितं ह्यास्नी झोप लागत न्हाई."