वऱ्हांड्यातले खांब

त्या बंगल्याची केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मी तेव्हा चिखलदऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माणसे हयात आहेत, म्हणून नावे सांगत नाही.

बंगला अमरावतीच्या एका वकील घराण्याचा. आजोबांनी तो ऐन दरीच्या काठावर बांधला आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचे उन्हाळे तिथेच गेले. पाहुणा आला की आधी दरी दाखवायची, मग वऱ्हांड्यात शोभेला उभे केलेले सागवानी खांब. त्यांवर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरलेले. नातवाने, म्हणजे आताच्या वकीलसाहेबांनी, तिथे रिसॉर्ट काढायचे ठरवले आणि खांबच नाहीसे झाले.

त्यांनी चोरीची फिर्याद दिली. कुलूप तुटलेले नव्हते, म्हणून संशय चौकीदारावर. वयस्क कोरकू आदिवासी माणूस. मी त्याला चौकशीसाठी बोलावले.

"खांब कुठे गेले, बाबा?"

"मले नाही सांगता येत, साहेब."

'माहीत नाही' आणि 'सांगता येत नाही' यांत फरक असतो. पण खोदून विचारले तरी तो पुढे बोलेना.

खबर मिळाली ती घाटातल्या चहावाल्याकडून. आमच्या हवालदाराला तो म्हणाला, "पिकअप थांबली होती. मागं गोधड्यात गुंडाळलेलं लाकूड, अन् चांगल्या घरची एक म्हातारी बाई त्याले धरून बसेल होती. म्या म्हटलं, बाई, समोर बसा. तर नाही म्हणे. चोर असा बसते का कुठं?"

पिकअपवाला सापडला आणि बाईंचा पत्ता लागला. त्या वकीलसाहेबांच्या धाकट्या बहीण, निवृत्त शिक्षिका. फोन करताच स्वतः ठाण्यात आल्या. बाकावर चौकीदाराला पाहून दारातच थांबल्या.

"यांना काहून बसवलं? खांब मी नेले. दादाला मीच सांगते, तुम्ही बोलू नका, असं यांना म्हटलं होतं. मग माझीच हिंमत झाली नाही."

वकीलसाहेबही आले. तेव्हा त्यांच्यासमोरच बाईंचा जबाब घेतला. त्या एका कोरकू गावात ओळखीच्यांकडे गेल्या होत्या. तिथे गावाबाहेर तसेच खांब रोवलेले दिसले. एक आजी त्यांतल्या एकाला हळद लावत होती. कोण, विचारले, तर म्हणाली, माझा मालक. गेलेल्या माणसाच्या नावाने कोरकू लोक असा खांब रोवतात. शेजारी काही खड्डे रिकामे होते. बंगल्यातले खांब तिथूनच उचललेले, हे कळल्यावर बाईंनी ते गावाला परत नेऊन दिले.

"दादा, आपण त्यांच्यावर ओले टॉवेल वाळत घालायचो," बाई म्हणाल्या.

वकीलसाहेब एरवी कोर्टात दणक्यात बोलणारे. त्या दिवशी टेबलाकडे पाहत बसले. माझीही मान वर होत नव्हती. मी त्या चौकीदाराला सकाळपासून बाकावर बसवून ठेवले होते.

बाईंचा त्या मालमत्तेत हिस्सा होता, लबाडीचा हेतू नव्हता. फिर्याद गैरसमजातून झाली, असा 'क' समरी अहवाल मी कोर्टात पाठवला. कागदोपत्री प्रकरण मिटले.

त्यानंतर भाऊ-बहीण त्या गावी माफी मागायला गेले. मलाही सोबत नेले. गावचे म्हातारे जमले. कोणी आवाज चढवला नाही. त्यांतला सर्वांत वयस्क म्हातारा एका रिकाम्या खड्ड्याजवळ उभा राहिला.

"बाकीचे आले. माह्या आज्याचा कुठं हाय?"

वकीलसाहेबांनी बहिणीकडे पाहिले. शेवटी बाईच म्हणाल्या, "त्याचा आमच्या आजोबांनी झोपाळा केला, बाबा. कापून."

"बसत होते त्याच्यावर?"

"हो."

म्हातारा वाकून त्या खड्ड्यातला पाला हाताने काढत राहिला. आम्ही तिघे चपला हातात घेऊन तसेच उभे.

नोकरीत मी चोरीचे पुष्कळ गुन्हे नोंदवले. फिर्याद नेहमी ज्याच्या ताब्यातून वस्तू गेली त्याची असते. ती त्याच्या ताब्यात आली कशी, हे आम्ही क्वचित विचारतो. खांबांच्या पहिल्या चोरीची फिर्याद कधी कोणत्या ठाण्यात आलीच नव्हती. आली असती तरी घेतली असती का, याचे उत्तर मला ठामपणे देता येत नाही.