पिंपावरचं अस्वल

आफ्रिकेच्या सफारीची स्वप्नं दाखवून माझ्या नवऱ्याने मला उत्तर ओन्टारिओच्या जंगलात नेलं आणि डासांच्या तोंडी दिलं. हा आमचा हनिमून.

लग्नाआधी व्हिडिओ कॉलवर तो सारखा केनियाच दाखवायचा. तंबूत पांढरीशुभ्र मच्छरदाणी, समोर जिराफ चरताहेत. वसईच्या चर्चमध्ये लग्न झालं, काही महिन्यांनी मी त्याच्याकडे कॅनडात स्कारबरोला आले, पण माझं पीआर कार्ड, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याचं, अजून हातात पडलं नव्हतं. ते नसताना कॅनडाबाहेर पाऊल टाकलं तर परत येताना वांधे. मग साहेबांनी सरप्राइज म्हणून हे बुक केलं. काय तर म्हणे, आफ्रिकन स्टाइल सफारी लॉज, तेही कॅनडातच, शेजारीपाजारी कोणी नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

दिवसभर ड्राइव्ह करून पोचलो. तंबूतल्या पलंगावर झेब्र्याच्या पट्ट्यांची चादर, ती दमट, आणि उशीवर आधीच्या कुणाचा तरी लांबलचक सोनेरी केस. खांबाला लाकडी मुखवटे टांगलेले, त्यांच्यावरचं किमतीचं स्टिकरसुद्धा काढलेलं नाही. वॉशरूम बाहेर झाडीत. शी, त्याचं वर्णन नकोच. त्यात ब्लॅकफ्लाय म्हणून एक मेली बारीक माशी असते, ती चावते आणि कानामागून रक्त ओघळेपर्यंत कळतही नाही.

नवऱ्याने विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, मस्त. दुसरं काय म्हणणार? त्याला मी ओळखत होते ते फोनच्या स्क्रीनएवढं. तोही सगळ्याला मस्तच म्हणत होता. मालकाने आणून दिलेला बर्गर आतून लालभडक होता, तरी मस्त. माझ्यासमोर मस्त, मालकासमोरही मस्त. मी त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि मला धडकीच भरायची, की बाई गं, हा माणूस खरं बोलतो तरी कधी? जन्म काढायचाय याच्याबरोबर आणि याच्या पोटात काय आहे त्याचा पत्ता नाही.

संध्याकाळी सफारी. मालकाने आम्हाला एका लाकडी खोपटात नेऊन बसवलं. समोर बघायला एक चौकोनी भोक, आणि पुढे झाडाला साखळीने बांधलेलं निळं पिंप. आवाज अजिबात करायचा नाही, असं बजावून तो पिंपाकडे गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यात कुठल्यातरी हॉटेलातलं जळकं तेल ओतलं. काळं, चिकट. त्यावर बुरशी धरलेले डोनट. त्यावर माशांची सडलेली डोकी. मी सुक्या बोंबलाच्या वासात वाढलेली, मासळीला नाक मुरडणाऱ्यातली नाही. पण तो वास घशात जाऊन बसला.

मालक येऊन आमच्याजवळ बसला आणि थोड्या वेळाने अस्वल आलं. गोठ्यात परतणाऱ्या म्हशीसारखं, निवांत. पिंपात हात घालून डोनट काढत बसलं. नाकावर गुलाबी आयसिंग, छातीवरून तेल ओघळतंय. एवढं मोठं रानातलं जनावर आणि त्याची ही दशा! आधी मला त्याची शिसारी आली, मग तिथे बसून ते बघणाऱ्या आमची.

मालक नवऱ्याच्या कानाशी इंग्रजीत कुजबुजला. हा त्याचा सगळ्यात मोठा नर, आता कशालाच बुजत नाही. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतून एक शिकारी येणार आहे, त्याच्यासाठी राखून ठेवलाय. इथेच बसवायचं, याच भोकातून गोळी. हे सांगताना त्याला हसू येत होतं, आणि माझा नवराही हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सप्टेंबरमध्ये एक पाहुणे येणार आहेत, खास ह्याला बघायला."

मी वसईत इंग्रजी शाळेत मुलं शिकवली. याला काय वाटलं, मला कळणार नाही?

"मारायला येणारेत," मी म्हटलं.

पिशवीत आईने दिलेला चकल्यांचा स्टीलचा डबा होता. मी उठले आणि झाकण काढून त्या डब्यावर दाणदाण आपटत सुटले. चकल्यांचा चुरा झाला. अस्वल दचकून पिंपासकट हेलपाटलं आणि झाडीत पसार झालं. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि माझा नवरा काय करत होता? सॉरी म्हणत होता. ती दमलीय, तिला सवय नाही, सॉरी. त्या पिंपापेक्षा मला त्याची किळस आली.

मालकाने सकाळी निघायला सांगितलं. उजाडल्यावर नवरा सामान गाडीत ठेवत होता. मी पुढच्या सीटवर बसून विचार करत होते, आईला फोन केला तर सांगू काय? माणूस वाईट नाही गं, पण खोटा आहे?

तो येऊन स्टिअरिंगवर बसला, एवढ्यात झाडीतून साखळी खळखळली. पिंप डुगडुगलं. एवढं हाकललं तरी ते अस्वल आलं होतं परत. पायरीवर कॉफी पीत बसलेला मालक खदाखदा हसला आणि आमच्याकडे बघून त्याने अंगठा वर केला. नवऱ्याचाही हात सवयीने वर गेला. अर्ध्यातच थांबला. मग त्याने तो हॉर्नवर ठेवला आणि दाबूनच धरला.

झाडीत फांद्या मोडल्या. मालक कॉफी सांडत, शिव्या देत धावत आला आणि बॉनेटवर थापा मारायला लागला. नवऱ्याने हात काही उचलला नाही. समोर बघत, त्या आवाजावर ओरडून मला म्हणाला, "काल तू तंबूत गेल्यावर खोपटामागे जाऊन ओकलो मी. तुला सांगितलं नाही."

लग्न झाल्यापासून त्याने माझ्याशी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

मी म्हटलं, "अजून वाजव."