खंडेनवमी, साहेबांचा लॅपटॉप आणि आमची नाशिकची बदली

खंडेनवमीला घरात स्क्रूड्रायव्हर मिळत नाही, हे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात मी मेन्टेनन्स इंजिनिअर होतो आणि खरं सांगतो, वैतागलो होतो. बायकोला, म्हणजे सुमनला, नाशिकला परत जायचं होतं. माझ्या वडिलांना, अण्णांना, तर रोज सकाळी चहाबरोबर जायचं असायचं. कंपनीच्या नाशिकच्या युनिटसाठी मी अर्ज दिला होता आणि साहेब दसऱ्याला सही करणार होते. सुमनने वाण्याकडून सामान बांधायला खोकीही आणून ठेवली होती.

आणि अशात साहेबांच्या लॅपटॉपची स्क्रीन गेली. अख्ख्या कारखान्यात तो एकच लॅपटॉप! दसऱ्याला मुंबईहून मालक येणार, आणि साहेब त्यांना त्यावर नव्या मशिनचा सगळा हिशेब दाखवणार. मुंबईच्या दुरुस्तीवाल्याने नवी स्क्रीन पाठवली, पण बसवायला माणूस दिवाळीनंतर येईल म्हणाला. मीटिंगमध्ये सगळे शहाण्यासारखे गप्प बसले. मलाही गप्प बसता आलं असतं (बंदी नव्हती!). पण मी म्हणालो, "त्यात काय साहेब, मी घरी बसवून आणतो."

साहेब म्हणाले, "आणा. पण बिघडवलात तर नाशिक विसरा."

नवमीला रजा टाकली. सकाळीच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, जुनी स्क्रीन सोडवली, नवी शेजारी ठेवली. एवढ्यात नळाला पाणी आलं. सिल्वासात तेव्हा नळाला पाणी आलं की माणूस हातातलं काम काय, हातातला घास टाकून उठायचा. मी गच्चीवर टाकी भरून खाली आलो, तर टेबल स्वच्छ.

"अण्णा, इथलं सामान कुठे गेलं?"

"पूजेला मांडलं."

देवासमोर पाटावर विळी, कोयता, चाकू, सुमनची कात्री, माझे सगळे बारके स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध साहेबांचा लॅपटॉप, दोन तुकड्यांत. नव्या स्क्रीनला हळदीकुंकवाची ओली बोटं ओढलेली, वर अक्षता आणि टपोरा झेंडू.

"अण्णा, तो साहेबांचा आहे हो."

"मग साहेबांचंही भलं होईल."

"मला आत्ता हवाय."

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. उद्या उत्तरपूजा झाली की घे. तुमच्या कारखान्यात काय करतात मग?"

कारखान्यातही हेच करतात. सुमन हळूच म्हणाली, "अहो, देवासमोरचं राहू दे. शेजारून मागून आणा."

शेजारचे पाटील धुळ्याचे, आमच्याच कारखान्यातले. दारातच म्हणाले, "आज नई भाऊ. सगळे पाने-पक्कड पुजले ना आमच्या माईनी. तुम्ही उद्या सकाळी या, चहा पन घ्या." त्यांच्या वरच्या मजल्यावर जळगावकर, समोर नाशिककर. सगळीकडे झेंडू! शेवटी स्कूटर काढून अथालच्या रस्त्यावरचं हार्डवेअरचं दुकान गाठलं. दुकानदाराने मापासाठी धरलेली माझी दोन बोटांची चिमूट निरखून पाहिली. "आटलुं नानुं डिसमिस नथी, साहेब." (तिकडे स्क्रूड्रायव्हरला डिसमिस म्हणतात.) मग त्याने ट्रकच्या कामाचा एक दाखवला. माझ्या कोपरापर्यंत येत होता.

घरी येऊन मुकाट्याने वरणभात जेवलो. विळी पाटावर होती, त्यामुळे भाजी नव्हती. समोर लॅपटॉप झेंडू लेवून पडलेला, आणि अण्णा जाता-येता त्याला नमस्कार करत होते. मला त्यांचा राग येत होता आणि रागावता येत नव्हतं. सणासुदीला बापावर ओरडायचं तरी कसं?

दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी सावकाश आंघोळ केली, सावकाश उत्तरपूजा केली, आणि आरती तर अशी म्हटली की मालक मुंबईहून येऊन परत गेले असतील असं मला वाटलं. मग मी स्क्रीन पुसली, वायर जोडली, स्क्रू पिळले. आत कुठेतरी अक्षतांचा एक दाणा राहिला होता. लॅपटॉप हलवला की खुळखुळ वाजायचं. कोपऱ्यातली हळद तर काही केल्या निघेना. तसाच घेऊन पळालो.

साहेबांनी बटण दाबलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा स्क्रीन लख्ख लागली होती! मालकांनी कोपऱ्यातली हळद पाहिली आणि लॅपटॉपला चक्क हात जोडले. "मशिनची पूजा सगळेच करतात, तुमच्याकडे कॉम्प्युटरचीही होते. वा," म्हणाले. साहेबांची छाती फुगली. हिशेब पसंत पडला, पेढे वाटले.

मालक गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा अर्ज टेबलावरच होता. मी खिशातलं पेन काढून पुढे केलं.

"पेन ठेवा," साहेब म्हणाले. "मुंबईवाल्यांना जमलं नाही ते तुम्ही घरी बसून केलंत. असा माणूस नाशिकला देऊन टाकायला मी वेडा आहे का?" आणि अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. तो अजून तिथेच असेल.

घरी सुमन दारातच उभी होती. "सही झाली?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि झालं ते सांगितलं. ती पुडा न उघडता म्हणाली, "घरातली इस्त्री तुम्ही तीनदा जाळलीत. मिक्सर जाळलात. मी कधी काही बोलले? मग आजच तुम्हाला दुरुस्ती जमायची होती?"

आम्ही अजून सिल्वासातच आहोत. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी तो धोंडा स्क्रू पिळून पक्का बसवून घेतला!